रानपिंगळ्याचा पत्ता

आमच्या खांडबाऱ्याला मुद्दाम पाहायला असे कोणी येत नाही. येतात ते बदली होऊन येतात, किंवा लग्न होऊन. सुरत-भुसावळ मार्गावरचे हे लहानसे स्टेशन. गाडी थांबते, पाट्या घेतलेल्या चार बाया उतरतात, कॉलेजची दोन-तीन पोरे चढतात, आणि गाडी आली तशी चिंचपाड्याकडे नाहीतर नंदुरबारकडे निघून जाते. पलीकडचे नवापूर तेवढे नावाजलेले. कारण १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा सरहद्द नेमकी त्या स्टेशनातून गेली, आणि तिथल्या बाकावर बसून माणसाला अर्धे महाराष्ट्रात नि अर्धे गुजरातेत असल्याची मौज अनुभवता येते. आमच्या वाट्याला तेवढीही गंमत आली नाही. मी इथे भूगोलाचा मास्तर म्हणून आलो आणि निवृत्त होऊन इथेच राहिलो.

गेल्या दिवाळीनंतर माझा भाचा अमेरिकेहून आला. त्याला पक्ष्यांचे वेड. आल्या आल्या चहा पुरता संपायच्या आत तो म्हणाला, "मामा, मला तोरणमाळला जायचंय. तुमच्या जिल्ह्यात जगातला एक दुर्मीळ पक्षी आहे, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होते. तोरणमाळही पाहिले होते. शाळेच्या सहली घेऊन दोनदा गेलो होतो. पण सहल घेऊन जाणारा मास्तर मुले मोजत असतो. डोंगर तो कुठून पाहणार?

रात्री भाच्याने आपल्या यंत्रावर छायाचित्रे दाखवली. तिकडे साउथ डाकोटा म्हणून राज्य आहे, आणि त्यात कस्टर स्टेट पार्क नावाचे एक्काहत्तर हजार एकरांचे रान आहे. मोटारीत बसून ते पाहायचे, अशीच त्याची रचना. सुळक्यासुळक्यांतून वळणे घेत जाणारा एक रस्ता १९२२ साली पुरा झाला. नॉरबेक नावाचा गृहस्थ, आधी गव्हर्नर आणि पुढे सिनेटर, पायी नि घोड्यावरून हिंडून त्याची आखणी करीत होता. एक बोगदा तर जेमतेम आठ फूट रुंद, गाडीचे कान मिटून आत शिरायचे. दुसऱ्या एका रस्त्यावर गवे वाटेतच उभे असतात आणि माणसे काचा वर करून त्यांची वाट सुटण्याची वाट पाहतात. १९१४ साली छत्तीस गवे आणून सोडले होते, त्यांचे आता हजाराच्या वर झाले आहेत. गवे म्हणजे आपले गवे नव्हेत. केसाळ, पुढून डोंगर नि मागून टेकडी असे ते जनावर. माझी बायको मागे उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "आणि हे एवढं रान पूर्वी कुणाचं होतं रे?"

बायका असे प्रश्न विचारतात. भाचा प्रामाणिक मुलगा. त्याने सांगितले की ते लाकोटा लोकांचे. १८६८ च्या तहाने ते डोंगर त्यांना लिहून दिले होते. १८७४ साली त्याच कस्टरच्या तुकडीला तिथे सोने सापडले आणि १८७७ साली डोंगर काढून घेतले गेले. १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाई म्हणून कोट्यवधी डॉलर मंजूर केले, ते त्या लोकांनी घेतले नाहीत. "पैसे नकोत, डोंगर द्या म्हणतात," भाचा म्हणाला. बायकोने मान हलवली आणि ती सकाळसाठी कळण्याच्या पिठाचा अंदाज घ्यायला आत गेली.

आता त्या पक्ष्याविषयी सांगितले पाहिजे, कारण त्याची हकीकत एखाद्या रहस्यकथेपेक्षा कमी नाही. घराच्या वळचणीला बसणारा पिंगळा आपण सगळे ओळखतो. त्याचाच एक रानातला भाऊबंद, रानपिंगळा. डोके मोठे, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पोट पांढरे, पाय पिसांनी भरलेले, आणि नखे त्या एवढ्याशा देहाला न शोभणारी. मुख्य म्हणजे तो दिवसा हिंडतो. १८७२ च्या डिसेंबरात ब्लुइट नावाच्या इंग्रजाने आता छत्तीसगडात मोडणाऱ्या मुलखात तो प्रथम मिळवला, आणि पुढल्याच वर्षी ह्यूमने त्याला शास्त्रीय नाव दिले. हा ह्यूम म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेतला ह्यूम. माणसाला एका जन्मात किती उद्योग करता येतात पाहा. त्यानंतर खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसनने शहादा-तळोद्याच्या रानांतून आणखी काही मिळवले. १८८४ पासून पुढे मात्र सारे सामसूम. सबंध जगाच्या संग्रहालयांत मिळून पेंढा भरलेली सात कातडी, एवढीच त्याची शिल्लक.

मधे एक नोंद होती. मायनर्ट्‌झहागेन नावाचा एक लष्करी अधिकारी, मोठा पक्षितज्ज्ञ म्हणून मिरवणारा. त्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि चिठ्ठीवर लिहिले होते: तापीकाठचे मांडवी, १९१४. मांडवी म्हणजे आमच्याकडून सुरतेच्या वाटेला लागले की तिकडचीच. सालिम अली, रिप्ले यांच्यासारख्या माणसांनीही पुढे ह्या पक्ष्याचा शोध घेतला. तो कुणाच्याही हाती लागला नाही. आणि लागणार कसा? पामेला रासमुसेन या विदुषीने पुढे ते कातडे बारकाईने तपासले, आत कापूस कसा भरला आहे, टाके कसे घातले आहेत तेही पाहिले, तेव्हा उघड झाले की हा पक्षी डेव्हिडसननेच मारलेला, ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा शिवलेला आणि खोट्या चिठ्ठीचा. मांडवीची नोंद बाद करून रासमुसेनबाई आणि त्यांचे दोन सोबती, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट, डेव्हिडसनच्या खऱ्या पत्त्यांवर निघाले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा उन्हात बसलेला त्यांना दिसला. एकशे तेरा वर्षे तो तिथेच होता. पत्ता तेवढा खोटा होता.

आमचा नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. म्हणजे जिल्ह्याच्या आधी सात महिने पिंगळा जाहीर झाला. माझ्यातल्या मास्तराला असले मेळ लावण्याची खोड आहे.

सकाळी जीप करून निघालो. चौकात एका ओळखीच्या दुकानदाराने हटकले, "कथा चालनात, गुरुजी?" घुबड पाहायला, असे सांगितले असते तर दिवसभर गावाला विषय झाला असता. तोरणमाळला, म्हटले. नंदुरबारबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या होत्या. सबंध माळ लाल. वारा आला की डोळ्यांना आधी कळते आणि मग नाकाला. बाया ओढणीने तोंड बांधून मिरची निवडत होत्या. भाच्याने गाडी थांबवायला लावली, चार छायाचित्रे घेतली आणि शिंकत परत आला. पुढे प्रकाशाला तापी ओलांडली. बंधाऱ्यामुळे पाणी तुंबून संथ झालेले. गोमाई इथेच तापीला मिळते. १९५४-५५ साली इथे उत्खनन झाले आणि या काठावर ताम्रपाषाण काळापासून माणूस राहतो हे कळले. नदीपलीकडे केळी, ऊस, पपई; श्रीमंत काळी जमीन. मग म्हसावद मागे पडले आणि समोर सातपुडा उभा राहिला. फळ्यावर मी त्याच्या खडूने तीन सुरकुत्या काढत असे. समोरून पाहिला की कळते, तो एक डोंगर नव्हेच. एकामागून एक उभ्या राहिलेल्या भिंती आहेत, पहिली निळी, मागची फिकी निळी, त्यामागची नुसता भास.

पायथ्याशी माझा एक जुना विद्यार्थी वाट पाहत होता. खांडबाऱ्याजवळच्या पाड्यावरचा, मावची कुटुंबातला. शाळेत मागच्या बाकावर बसायचा. नकाशा मात्र असा काढी की समोरच्या बाकावरची पोरे वळून पाहत. आता तो वनरक्षक आहे. खाकी कपड्यात माझ्या पाया पडायला वाकला तेव्हा मलाच अवघडल्यासारखे झाले.

"सर, आधी वर जाऊन या. पक्षी उन्हं कलल्यावर दाखवतो. त्याला घाई नाही."

तोरणमाळचा घाट चढताना मला डाकोटाचा तो बोगदा आठवत होता. इथे बोगदा नाही, पण सात पायरीची वळणे आहेत. गाडी एका वळणावरून वर गेली की आत्ताच आपण जिथे होतो तो रस्ता पायाखाली दिसतो, आणि त्याच्याही खाली आणखी एक. साग, सालई, मोह, टेंभुर्णी, मधून बांबूची बेटे. सागाची पाने जून होऊन खरबरीत झालेली, वाऱ्याने कागदासारखी वाजत होती. वर साडेअकराशे मीटरच्या आसपास एकाएकी सपाटी लागते, हवा बदलते आणि यशवंत तलाव पसरलेला दिसतो. गोरखनाथाचे देऊळ, महाशिवरात्रीला इथे महाराष्ट्रातून नि मध्य प्रदेशातून माणसे लोटतात. एरवी शांत. सीताखाईच्या कड्यावर उभे राहिलो. दरीत पाहताना पोटात जे होते ते शब्दांत मांडण्याचा प्रयत्न पुष्कळांनी केला आहे, मी त्यात भर घालीत नाही. भाकरी, ठेचा आणि भरीत तिथेच बसून खाल्ले.

जनावर म्हणून एकही दिसले नाही. बिबट्या आहे, अस्वल आहे, तरस आहे, असे म्हणतात आणि ते खरेही आहे. पण सातपुड्यातले जनावर माणसाला पाहून घेते, माणसाला दिसत नाही. रस्त्यावर येऊन उभे राहणे त्याला परवडणारे नाही. आम्हाला दिसल्या त्या शेळ्या, लाकडाच्या मोळ्या वाहणाऱ्या बाया, आणि उतारावर बोटभर जागा मिळाली तिथे पेरलेली ज्वारी. भाचा जरा हिरमुसला. त्याच्या गव्यांना कोणी मोळी बांधताना पाहिले नव्हते.

उन्हे कलली तसे खाली आलो. विद्यार्थी आम्हाला गाडीरस्ता सोडून एका पायवाटेने घेऊन गेला. अर्धा कोस असेल. विरळ सागाचे रान, मग एकदम उघडे शेत, आणि शेताच्या कडेला वाळलेला एक उंच साग. त्याच्या शेंड्याला, भर उन्हात, तो बसला होता.

काय सांगू? एवढासा. मूठभर. शेपटी मधून मधून झटकत होता आणि खालच्या गवताकडे पाहत होता, जणू काही हिशेबाची वही तपासतोय. सरड्याची, उंदरांची, मोठ्या किड्यांची वही. भाच्याचे हात थरथरत होते हे मी पाहिले. तिकडून इतक्या समुद्रांवरून उडून आला होता बिचारा. पिंगळ्याने एकदा आमच्याकडे मान वळवली, काही विशेष नाही असे ठरवले आणि एकदम खाली झेप घेतली. परत शेंड्यावर आला तेव्हा पंजात काहीतरी वळवळत होते.

शेतात खोपीजवळ एक म्हातारा बसला होता, पावरा. तो उठून आला. विद्यार्थी त्याच्याशी पावरीत बोलू लागला. नोकरीत शिकला ती भाषा. आणि मला सांगू लागला. म्हाताऱ्याला पक्षी चांगला ठाऊक होता. दिवसा बोलतो तो, असे म्हणाला. आजापासून पाहतो आहे. मधे शहरातली माणसे येऊन विचारून गेली होती तेही त्याला आठवत होते. १९९७ नंतर फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी या रानांत ह्या पक्ष्याचा अभ्यास केला, त्याच्याविषयी आज जे कळले आहे त्यातले पुष्कळ त्यामुळेच कळले. पुढे तो मेळघाटात सापडला, यावलला सापडला, २०१४ साली तर मुंबईजवळच्या तानसाच्या रानात सापडला, आणि आमच्या नवापूरपलीकडल्या डांगातही.

परत पायवाटेला लागताना भाचा म्हणाला, "आता हे ठिकाण नेमकं नोंदवून टाकतो. जगभरचे लोक पाहतील."

विद्यार्थी थांबला. "साहेब, नका."

"का? खोट्या पत्त्यानं शंभर वर्षं वाया गेली, मामांनीच सांगितलं ना काल? खरा पत्ता लपवून ठेवणं म्हणजे तेच झालं."

"पत्ता मी माझ्या वहीत लिहितो. वरिष्ठांना कळवतो. झाड कुठलं, ढोली कुठं, सगळं. पण तुम्ही चारचौघांत टाकला की पुढच्या रविवारी इथं वीस गाड्या. कोणी दगड मारील, कोणी ढोलीत काठी घालील. घुबडाची अंडी, नखं जादूटोण्याला नेणारे आहेत, त्यांनाही तुमच्या यंत्रावरून वाट सापडते. आणि..." तो जरा घुटमळला. "आणि हे शेत बाबांच्या नावावर नाही."

मग सगळे बाहेर आले. ते शेत कागदावर राखीव जंगल आहे. म्हाताऱ्याने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा केला आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. ग्रामसभेने ठराव दिला, पुढे दावा कुठल्याशा कचेरीतून पुरावा अपुरा म्हणून परत आला. वनरक्षक या नात्याने माझा विद्यार्थी दरवर्षी आपल्या वहीत या शेताची नोंद 'अतिक्रमण' अशी करतो. आणि त्याच्या स्वतःच्या बापाला, खांडबाऱ्याकडच्या डोंगराला, दोन एकरांचा वनपट्टा याच कायद्याने मिळाला आहे. तो कागद त्यांनी काच बसवून भिंतीला लावला आहे, मी स्वतः पाहिला आहे. देवांच्या रांगेत आहे.

"तुझ्या मनाला काय वाटतं?" मी विचारले.

"सर, ही झाडं तोडली तर पक्षी जाणार, हे खरं. पाच वर्षांत या नाल्यापलीकडचा सगळा साग गेला. रात्रीची गस्त घालतो, पावती फाडतो, शिव्या खातो. पण बाबांनी हे वाळलेलं झाड तोडलं नाही. बाकी सगळ्यांनी वाळलेलं आधी तोडलं, सरपणाला. यांनी का ठेवलं विचारा."

त्याने विचारले. म्हाताऱ्याचे उत्तर साधे होते. शेतात उंदीर फार. त्यावर बसून तो उंदीर धरतो. झाड तोडले तर बसेल कुठे?

भाचा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मी नुसतं 'सातपुडा' लिहितो. पण मामा, शास्त्राच्या दृष्टीनं हे बरोबर नाही." मी म्हटले, "शास्त्रासाठी याची वही आहे." त्याला ते पुरते पटले नाही. मलाही पुरते पटले आहे असे नाही. उद्या हा विद्यार्थी बदलून गेला, त्याच्या जागी दुसरा कोणी आला, तर त्या वहीतला पत्ता वाचणार कोण? पण त्या संध्याकाळी वीस गाड्यांपेक्षा एक वही मला बरी वाटली.

आम्ही निघणार तोच म्हाताऱ्याने कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले कागद काढले आणि माझ्यापुढे धरले. मास्तर आहे हे त्याला कळले होते. आमच्याकडे मास्तर म्हणजे कागद वाचणारा. दाव्याची परत आलेली प्रत होती. नियमांत पुराव्यांची यादी आहे. तीत दावेदाराखेरीज दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाबही धरला जातो. तो जबाब ह्या कागदांत नव्हता. म्हाताऱ्याने विद्यार्थ्याला काहीतरी विचारले आणि विद्यार्थी हसला.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, हा पक्षी माझ्या बाजूनं साक्ष देईल का? दुनिया याला बघायला येते म्हणे."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, पक्ष्याची साक्ष चालत नाही बाबा. म्हाताऱ्यांची चालते."

नाल्यापलीकडच्या खोपीतून एका दुसऱ्या म्हाताऱ्याला बोलावले. ऐंशीच्या पुढचा असेल, डोळ्यांनी अधू, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आला. जीपच्या पुढच्या पत्र्यावर वही ठेवून मी लिहायला बसलो. तो सांगे, विद्यार्थी मराठीत फिरवी, मी लिही. मोठा दुष्काळ पडला ते साल, म्हणजे १९७२. त्याच्या आधी याच्या बापाने इथे पहिली नांगरट केली. मी बैल दिले होते. एक बैल काळा होता. काळा लिहायचा का, असे विद्यार्थ्याने विचारले. म्हटले लिहू, काही बिघडत नाही. मग चतुःसीमा. पूर्वेला नाला. पश्चिमेला मोहाची दोन झाडे. दक्षिणेला पायवाट. उत्तरेला वाळलेला साग.

"ज्यावर पिंगळा बसतो तो," आंधळा म्हातारा आपण होऊन म्हणाला.

मी भाच्याकडे पाहिले. तो कॅमेऱ्याच्या काचेवर फुंकर घालीत होता आणि माझ्याकडे पाहत नव्हता. मी ते लिहिले.

अंगठ्यासाठी शाई नव्हती. पेनची शाई बोटाला धरेना. विद्यार्थी स्वतः काही बोलला नाही. सरकारी माणसाला असल्या कामात हात घालता येत नाही. त्याने आपल्या झोळीतून शिक्क्याची शाईची डबी काढली, जीपच्या पत्र्यावर ठेवली आणि पाणी पिऊन येतो म्हणून नाल्याकडे गेला.